घोडी बोलते, सांगायचं आपण

आत्ता कुणी भाकरी थापत असाल, कुणी धार काढायला बसल्या असाल, कुणी गटाच्या बैठकीत मध्ये रेडिओ ठेवून ऐकत असाल.

रेडिओच्या ताई मला म्हणाल्या, ‘तुमची घोडी शाळेत येते, मेळाव्याला येते, लेकरं तिच्या गळ्यात पडतात. त्याबद्दल बोला की.’ मी म्हटलं, बोलते, पण नुसतं कौतुक सांगणार नाही. एकदा माझ्या हातून चूक झाली होती आणि तिचा भोग दुसरीच्या लेकरानं भोगला. तेही सांगणार.

आमच्या घोडीचं नाव मैना. रंगानं तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. अंगानं लहान, पाठ जेमतेम माझ्या छातीला लागते. वरातीत नाचवतात ती उंच घोडी वेगळी. ही आमची धनगराची घोडी. भीमथडी म्हणतात ती हीच लहान चणीची, काटक जात. सरकारदरबारी आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. आम्हाला मात्र ती कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे. मेंढरांबरोबर घोडी, आणि घोडीच्या पाठीवर सगळा संसार. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, पिठाची पिशवी, कोंबड्या, रात्री जन्मलेलं कोकरू, कधी तान्हं लेकरूसुद्धा. घोडी भरायची आणि तळावर जाऊन उतरवायची, हे काम बायांचं. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ते आयुष्यभर केलं. पुढं चराई कमी झाली, नातवंडं शाळेत घातली, मामांचे गुडघे गेले. मेंढरं विकली. मैनेला गिऱ्हाईक आलं तेव्हा मामा म्हणाले, ‘तिनं आपला संसार वाहिलाय. तिला बाजार दाखवायचा न्हाई.’ म्हणून ती राहिली.

मग एकदा आमच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, पोरांनी घोडा पुस्तकात पाहिलाय, नाहीतर वरातीत लांबून. एक तास घेऊन याल का? आम्ही गेलो. लिंबाखाली मैना उभी, मी मोरकी धरलेली, आणि बाई चार-चार पोरं पुढं पाठवत होत्या. पोरांनी सुतळीनं तिची उंची मोजली. एकेकानं तिच्या पोटाला कान लावला आणि आतली गुडगुड ऐकली. घोड्याच्या पोटात अशी गुडगुड चालू असली म्हणजे आतडी काम करतायत, ती चांगली खूण. पोट गप्प झालं की काळजी करायची. एका मुलीनं विचारलं, ती उभ्या उभ्या झोपते का? झोपते. घोड्याच्या पायाचे सांधे असे अडकतात की उभं राहून डुलकी काढली तरी तो पडत नाही. पण गाढ झोपेसाठी त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं.

त्या दिवशी सगळं छान झालं, आणि ते बाईंमुळं झालं. पोरं कितीजण पुढं येणार, कधी थांबायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. माझ्या ते ध्यानात आलं नाही. मला वाटलं, आपली घोडीच गुणाची.

नंतर बोलावणी येऊ लागली. हळदीकुंकू, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम, अंगणवाडी. मलाही बरं वाटायचं. गावात जिला कुणी नावानं ओळखत नव्हतं, तिला लोक ‘मैनाची मालकीण’ म्हणू लागले.

मग चैत्रातल्या जत्रेचं बोलावणं आलं. मंडळाची माणसं म्हणाली, घोडी देवळापुढं बांधा, लेकरांची करमणूक होईल. सकाळी दहाला गेलो. मांडवात कर्णे लावलेले, शेजारी पिपाण्या, गुलाल उधळलेला. बारा वाजले तरी मैना तिथंच. सावली सरकून गेली. कुणी पेढा चारत होतं, कुणी भेळेचा कागद तोंडापुढं धरत होतं. तिनं कान मागं टाकले, मी पाहिलं. शेपूट झाडायला लागली, तेही पाहिलं. मागचा एक पाय उचलून तिनं जमिनीवर आपटला, तेसुद्धा पाहिलं. पण समोर गावातली मोठी माणसं. मी गळ्यावर हात फिरवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, थोडा वेळ, बाई, थोडाच वेळ.

तेवढ्यात एका वडीलधाऱ्या माणसानं आपला नातू उचलून तिच्या पाठीवर बसवला. मला विचारलं नाही. मीही ‘अहो, थांबा’ म्हटलं नाही. दुसऱ्या कुणीतरी ती चालावी म्हणून मागून पुठ्ठ्यावर थाप मारली. मैनेनं लाथ झाडली. ती लागली मागं उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या पोराच्या मांडीला.

देवाची कृपा, हाड मोडलं नाही. तालुक्याला नेऊन एक्सरे काढला. मांडी मात्र कित्येक दिवस काळीनिळी होती. वर बसवलेल्याला कुणीतरी झेललं. आणि मग लोकांनी काठी घेतली आणि घोडीला मारलं. ‘खोडीची आहे’ म्हणाले. ते पोरगं माझ्याच गटातल्या मैत्रिणीचं होतं.

रात्री मामा गोठ्यात तिच्या पाठीवरच्या वळांना हळद लावत होते. मी रडत म्हणाले, ‘मामा, हिनं असं कधी केलं नव्हतं.’ मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘ती तीनदा बोलली, पोरी. तू ऐकलंस. पर कुणाला सांगितलं न्हाईस.’

मैत्रिणींनो, एवढ्यासाठीच मी आज रेडिओवर आले आहे. घोडी बोलते. कान टवकारून पुढं केले तर ती लक्ष देऊन बघतेय. एक कान इकडं, एक तिकडं, तर ती अंदाज घेतेय. दोन्ही कान चापून मागं मानेला लागले तर राग आलाय. डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, नाकपुड्या ताणल्या, ओठ घट्ट मिटले, तर घाबरलीय. शेपूट माशीविना झाडते, तर कंटाळलीय. आणि मागचा पाय उचलून आपटला तर सावध व्हा, पुढची पायरी लाथेची आहे. मात्र मान खाली, डोळे अर्धे मिटलेले आणि मागचा एक पाय टोकावर टेकवलेला असेल, तर ती आराम करतेय.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. त्यामुळं त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त शेपटीच्या अगदी मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. म्हणजे आपण लाडानं समोरून एकदम कपाळावर हात टाकतो किंवा मागून येऊन थोपटतो, तेव्हा नेमके तिला न दिसणाऱ्या जागी असतो. म्हणून बाजूनं, खांद्याच्या दिशेनं यायचं, बोलत यायचं, आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं, ‘घोडीचं मी समजू शकते. पण तू काय करत होतीस?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामा जे बोलले ते तिला तसंच सांगितलं. ती काही बोलली नाही. महिनाभर बैठकीत ती दुसऱ्या टोकाला बसायची. आणि एक दिवस बैठक सुटल्यावर थांबली. म्हणाली, ‘परत नेशील तेव्हा तू पुढं दावं धर. मागं मी उभी राहते. मागून कोण येतं ते माझ्याएवढं कुणाला कळणार?’

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. कसं जातो ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाकडं घोडी नसली तरी बैल, खोंड, गाय, शेळी, बोकड, काहीतरी असेल, आणि बेंदराला, प्रदर्शनाला, जत्रेला ते चार माणसांत नेत असालच.

निघायच्या आधी तब्येत बघतो. सकाळी चंदी नेहमीसारखी खाल्ली का, लीद नेहमीसारखी पडली का. जबड्याच्या आतल्या बाजूला बोट लावलं की नाडी लागते. शांत उभ्या घोड्याची ती मिनिटाला साधारण तीस ते चाळीस असते, लहान चणीच्या घोडीची थोडी जास्त. नाक वाहत असेल, खोकत असेल, पाय आखडत असेल, तर जायचंच नाही, कुणी कितीही आग्रह करो. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असते, जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं होतं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो, तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून जिथं चार ठिकाणची घोडी एकत्र येतात तिथं न्यायच्या आधी पशुवैद्यकांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि आम्ही आमची बादली आमच्याबरोबर नेतो. परक्या हौदावर तिला तोंड लावू देत नाही.

ती चालत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येईल, तेवढीच गावं घेतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत कार्यक्रम, नाहीतर नाही. जागा सावलीची, पायाखाली माती, आणि बाहेर निघायची वाट मोकळी. डीजे, फटाके आणि गुलाल जिथं असेल तिथं जात नाही. घोड्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. आपल्या छातीत धडधडतं, तिथं तिचं काय होत असेल?

एका वेळी चारच लेकरं, सगळी एकाच बाजूला, खांद्यापाशी. मागं कुणीही नाही, तिथं माझी मैत्रीण. पाठीवर कुणालाही बसवत नाही. सगळं मिळून एक तास, मध्ये सावलीत विसावा. दाव्याचा वेढा मी हाताला कधीच घालत नाही. घोडी बुजली तर हातासकट माणूस ओढलं जातं. भेटून झालं की लेकरांनी साबणानं हात धुवायचे.

आणि खायला काही द्यायचं नाही. यावर लोक रागावतात. पेढा काय, चपाती काय, एका घासानं काय होतंय? एका घासानं होत नाही, पण येणारा प्रत्येकजण एकच घास देतो. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चरायची सवय. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढंच जायला पाहिजे, नाही गेलं तर पोटशूळ उठतो. मग ती वळून वळून पोटाकडं बघते, पायानं माती उकरते, लोळते, लीद बंद होते. असं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर सरकारी फिरत्या दवाखान्याची मदत मागता येते. शिवाय हातानं गोडधोड खायची सवय लागली की घोडी प्रत्येक हात हुंगते आणि मग चावते. फारच हौस असेल तर मी गाजराचे लांब तुकडे घमेल्यात टाकते आणि पोरांना लांबून दाखवते, बघा, ओठांनी कसं उचलते.

चावलंच कधी, तर जखम साबण-पाण्यानं भरपूर धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. लाथ पोटाला किंवा डोक्याला लागली तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

पैशाचं विचाराल, तर आम्ही तिकीट लावत नाही. तिकीट लावून जनावर दाखवायचं म्हटलं तर १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी लागते. आम्ही बोलावणाऱ्यांकडून फक्त तिची चंदी-वैरण आणि आम्हा दोघींचा रोज मागतो. रोज बुडवून कशाला जायचं?

आता एक गोड आठवण सांगते. शेजारच्या वाडीत एक म्हातारी आजी आहेत, धनगरवाड्यातल्याच. अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या सुनेनं निरोप दिला, अंगणात घोडी आणाल का? बाजेवर बसवून त्यांना बाहेर आणलं. मैनेनं मान खाली केली. आजींना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनी हातानं गळा चाचपला, आयाळ चाचपली, मग हात पाठीवर नेला आणि एका जागी थांबल्या. म्हणाल्या, ‘इथं गाठ हाय. खोगीर टोचलंय हिला कधीतरी. हितं गोणपाट दुमडून घालायचं असतंय.’ ती जुनी गाठ केसांखाली होती, आम्हालाही ठाऊक नव्हती. मग आजी बोलायलाच लागल्या. ओझं दोन्ही बाजूंना कसं तोलायचं, घाट उतरताना काय मागं सरकवायचं. त्यांची सून मला नंतर म्हणाली, ‘सासूबाई एवढं बोललेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.’

परदेशातही हे काम चालतं. तिकडं मिनिएचर हॉर्स म्हणून अगदी ठेंगणी जात आहे. आयाळ संपते तिथं मोजलं तर चौतीस इंचांपेक्षा उंच नाही, म्हणजे तीन फूटही भरत नाही. त्यांना वृद्धाश्रमात, दवाखान्यात, शाळेत माणसांना भेटवायला नेतात. अमेरिकेत तर अंध आणि अपंग माणसांची मदत करायला शिकवलेल्या अशा घोड्याला कुत्र्याप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी नेता यावं, असा नियम २०११ पासून लागू आहे. पण ठेंगणा असला तरी घोडा तो घोडाच. लहान दिसतो म्हणून लोक त्याला खेळणं समजतात, आणि मोठ्या घोड्यापुढं जी भीड असते ती याच्यापुढं राहत नाही. आमच्या मैनेचंही तेच झालं. उंच घोडी असती तर त्या दिवशी तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारायची कुणाची हिंमत झाली नसती.

गेल्या हिवाळ्यात महिला मेळावा होता. पाहुणे मोठे होते. त्यांच्याबरोबरचे एकजण म्हणाले, साहेबांच्या नातीला घोडीवर बसवा, फोटो काढू. माझ्या पोटात गोळा आला. मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, पाहुण्याला नाही म्हणू नये, मोठ्या माणसापुढं उलट बोलू नये. मैनेनं अजून कानही हलवला नव्हता. तरी मी म्हणाले, ‘बसवता नाही येणार. बाळाला माझ्याजवळ द्या, आपण दोघी मिळून तिच्या मानेवरून हात फिरवू.’ ते म्हणाले, ‘अहो, एकच मिनिट.’ मी काही बोलायच्या आत मागून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला, ‘एका मिनिटानं काय होतं ते माझ्या पोराच्या मांडीला विचारा.’ सगळे गप्प झाले. मग साहेब स्वतःच पुढं आले, मुलीला कडेवर घेतलं, विचारलं, कुठून येऊ? मी म्हटलं, खांद्याकडून या. मुलीनं मैनेच्या मानेला गाल लावला. फोटोही झाला.

आपल्याकडं माउलींच्या पालखीपुढं अश्व धावतात. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. केवढी गर्दी! पण वारकरी दोन्ही बाजूंना रांगा धरून उभे राहतात आणि मधली वाट अश्वासाठी मोकळी ठेवतात. अश्व गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या गर्दीत मान आहे, म्हणून मोकळी जागा आहे. जनावराचा मान ठेवायचा म्हणजे काय, ते तिथं बघावं.

तेव्हा एवढंच करा. आज संध्याकाळी वैरण टाकताना आपल्या जनावराच्या कानांकडं, शेपटीकडं, पायांकडं घटकाभर बघा. ते काय बोलतं ते तुम्हाला कळतं, कारण दिवसरात्र त्याचं तुम्हीच करता. बेंदराला बैल मिरवताना, बोकड प्रदर्शनात बांधताना ते आपल्याला ‘पुरे’ म्हणालं, तर ते चार माणसांना मोठ्यानं सांगा. एकटीला सांगायला जड जात असेल तर गटातली एक मैत्रीण बरोबर घ्या.

त्या पोराची मांडी आता बरी आहे. परवा तो मैनेला खरारा करायला आला होता. येताना खांद्याकडून आला.

नमस्कार.